वसंतातली पक्षी-भटकंती : किती जणांनी जावं आणि कुठे थांबावं?

सावरफूल

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राहते. नऊ वर्षं झाली, रविवारी पहाटे पक्षी बघायला जाते. थंडीत कवडी, पाषाण तलाव, जमलं तर भिगवण. फाल्गुन लागला की टेकड्या आणि सिंहगडाच्या पायथ्याची दरी. गेल्या दोन वर्षांत आमच्यात बरीच नवी माणसं आली, त्याचा आनंदच आहे. पण परवाच्या रविवारी जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढते आहे.

त्या दिवशी आम्ही 31 जण होतो. वाट मी दाखवत होते. तलावापलीकडच्या मुरमाड माळावरून जाताना एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. टिटवी काय, ओरडतेच, असं म्हणून आम्ही पुढे चालत राहिलो. ती आणखी खाली आली, मग तिचा जोडीदारही आला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं आणि मी सगळ्यांना होते तिथेच उभं राहायला सांगितलं. एका मुलाच्या बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. मुरमात जरासा खळगा, कडेने चार खडे. अंडी मातीच्या रंगाची, वर काळपट डाग, निमुळती टोकं आतल्या बाजूला केलेली. बोट दाखवलं तरी त्या मुलाला ती पटकन दिसेनात.

आलो त्याच पावलांवर मागे फिरलो. पण 31 माणसं मागे फिरायची म्हणजे वेळ जातो, आणि त्यातही दोघा-तिघांनी वाकून फोटो काढले. साडेनऊ वाजत आले होते, ऊन चटका देत होतं. शंभर-सव्वाशे पावलांवर एका बाभळीखाली बसून दुर्बिणीतून बघत राहिलो. टिटवी सरळ अंड्यांकडे आली नाही. दोन पावलं पळायची, थांबायची, भलतीकडेच चोच मारल्यासारखं करायची, पुन्हा दोन पावलं. मग पाण्याच्या कडेला गेली, खाली बसून पोटाची पिसं भिजवली आणि तशीच ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसली. उन्हाच्या दिवसांत अंडी गार ठेवायची तिची ही रीत. आम्ही माळावर पाय ठेवल्यापासून ती बसेपर्यंत 25 मिनिटं गेली होती.

बुधवारी एकटीच जाऊन लांबून बघून आले. बसलेली आहे. पण यात आमचं शहाणपण काही नाही, नशीब आहे.

थंडीतली भटकंती आणि वसंतातली भटकंती यात मी आजवर फरकच केला नव्हता. थंडीत चक्रवाक, थापट्या, तुतवार हे पाहुणे असतात, त्यांचे संसार दूर उत्तरेला. आपण जास्त जवळ गेलो तर उडून पलीकडच्या काठाला बसतात. (तेही करू नये, पण त्यांना निदान ती सोय असते.) आता दिवस आहेत ते इथल्या घरकरणीचे. टिटवी, वेडा राघू, दयाळ, तांबट, शिंजीर, ज्याचं त्याचं काही ना काही चाललेलं आहे. अंडी सोडून कुठे उडून जाणार?

तर मला वाटतं, मार्च ते जून आठाहून जास्त माणसं एका वेळी नेऊ नयेत. आणि पाच किलोमीटर चालत यादी वाढवण्यापेक्षा एखाद्या फुललेल्या सावरीखाली किंवा पांगाऱ्याखाली दोन तास बसावं. तुम्ही आपापल्या गावी काय करता?

मुठाकाठ

ताई, आधी हे सांगतो की तुम्ही मागे फिरलात आणि लांब बसून ती परत बसेपर्यंत थांबलात, हे बरोबर केलंत. घरट्याजवळून पळ काढून निघून जाणारे पुष्कळ, पक्षी परतला की नाही हे बघणारे थोडे.

मी 1990 च्या आसपास फिरायला लागलो. तेव्हा आमच्या चौघांत एक दुर्बीण असायची, म्हणून गट आपोआप लहान राहायचा. आता प्रत्येकाच्या गळ्यात एक आहे. आकडा आठ की बारा यावर मी अडून बसणार नाही, पण पुढच्या माणसाने खूण केली की शेवटच्या माणसाला ती दिसली पाहिजे. तुमच्या माळावर पुढचा थांबला तेव्हा शेवटचा पन्नास पावलं मागे असणार, आणि ती पन्नास पावलं तो टाकणारच.

अजून एक. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणंही येतं. फोटोसाठी फांदी बाजूला बांधून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. आपण शिकार करतोय असं त्यांच्या स्वप्नातही नसतं. निघण्यापूर्वी चहाच्या टपरीवर हे एकदा सगळ्यांना सांगावं, दोन मिनिटं लागतात.

मोठी सहल हवीच असेल तर नोव्हेंबरात काढा. 5 ते 12 नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो. 5 ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा. पाणवठे भरलेले, पाहुणे आलेले, हवा गार. पन्नास माणसं काठावर उभी राहिली तरी बघण्यासारखं सगळ्यांना मिळतं.

पहिलीपायरी

मी अजून एकदाही अशा भटकंतीला गेलेले नाही, तरी लिहिते.

माझी मुलगी 7 वर्षांची आहे. गॅलरीतून दिसणाऱ्या पक्ष्यांची वही करते. तिला घेऊन यायचं मनात आहे. पण आठ जणांची मर्यादा म्हटली की ते आठ ओळखीचेच होतात, हे मी ट्रेकच्या गटांत बघितलं आहे. मोठ्या गटात निदान कोणीही येऊ शकतं. टिटवीचं वाचून वाईट वाटलंच, पण माझ्या मुलीने हे सगळं शिकायचं कुठे?

आणि दुर्बीण कोणती घ्यावी? दुकानदार 10×50 घ्या म्हणतोय, सगळ्यात लांबचं दिसेल म्हणून.

मुठाकाठ

10×50 मुळीच नको. 10 म्हणजे दहापट मोठं दिसणं, 50 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जितकं मोठं दिसतं तितकाच हाताचा कंपही मोठा होतो आणि नजरेत येणारा तुकडा लहान होतो. झाडात हलणारा पक्षी सापडायलाच अर्धी सकाळ जाते. 8×42 घ्या. मुलीसाठी 8×32 किंवा त्याहून हलकी. तिच्या दोन डोळ्यांमधलं अंतर कमी आहे, तेव्हा दुर्बीण तेवढी मिटते का हे दुकानातच तिच्या डोळ्यांना लावून बघा. नाहीतर तिला दोन वेगळी वर्तुळं दिसतील आणि ती कंटाळेल.

दुर्बीण आधी डोळ्यांना लावून पक्षी शोधायचा नाही, हेही तिला सांगा. पक्ष्यावर नजर ठेवायची, मान हलवायची नाही आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. आठवडाभर गॅलरीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवर सराव केला की जमतं.

सावरफूल

@पहिलीपायरी, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मला सुचलंच नव्हतं. आठपैकी दोन जागा कायम नव्या माणसांसाठी ठेवायच्या, असं आजच आमच्या गटात मांडते. जुन्यांनी आळीपाळीने घरी राहावं.

मुलीच्या वहीत काय काय आहे?

पहिलीपायरी

कावळा, कबुतर, साळुंकी, पोपट, 'काळी-पांढरी चिमणी जी शेपटी वर करून गाते', आणि 'टुकटुकवाला, दिसत नाही'. शेवटच्याला तिने आवाजावरूनच नाव दिलंय.

सावरफूल

शेपटी वर करणारा तो दयाळ. आत्ता पहाटे पाचपासून टीव्हीच्या अँटेनावर बसून गात असेल, तो नर. टुकटुकवाला म्हणजे तांबट, भांडी ठोकल्यासारखा आवाज म्हणून तांबट. चिमणीएवढाच, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल, डोळ्याभोवती पिवळं. पानांत बसला की दिसत नाही हे तिचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्याला बघायचं तर वाळक्या फांद्या बघायला सांगा. मऊ वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला तो गोल भोक कोरतो, तेच त्याचं घर.

यावरून एक विनंती, सगळ्यांनाच. पावसाळ्याआधी सोसायट्यांत झाडांची छाटणी निघते आणि पहिली कुऱ्हाड वाळक्या फांदीवर पडते. छाटणी करणाऱ्यांना बोलावण्यापूर्वी आठवडाभर कोणीतरी खाली उभं राहून वर बघा. तांबट आत-बाहेर करताना दिसला तर तेवढी फांदी पावसाळा लागेपर्यंत राहू द्या. एखादी फांदी खरंच पडायला आली असेल तर गोष्ट वेगळी, एरवी दोन महिन्यांनी काही बिघडत नाही.

गोफण

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी मंगळवेढ्याकडचा, आता पिंपरीत असतो. तुमच्या सावरीवर आत्ता ज्या गुलाबी-काळ्या मैना येत असतील त्यांना पुस्तकात पळसमैना म्हणतात. आमच्याकडे भोरड्या.

आम्ही पोरं भोरड्या बघायला जात नव्हतो, हाकलायला जायचो. मालदांडी ज्वारी हुरड्यात आली की शेतात माचा घालायचा. चार मेढी, वर फळ्या, त्यावर आजोबा आणि मी. दिवस उगवायच्या आत तिथं बसावं लागायचं, कारण भोरड्यांचा पहिला थवा उन्हाच्या पहिल्या तिरिपेबरोबर यायचा. आधी आवाज यायचा, पाऊस येताना लांबून येतो तसा. मग आख्खं ढग वळावं तसा थवा वळायचा आणि ज्वारीवर बसायचा. आजोबांची गोफण सुटली की सगळा थवा उठून पलीकडच्या रानात. तिथला गडी हाळी द्यायचा, की परत आमच्याकडं.

पण आजोबा गोफणीचा दगड थव्याच्या वरून सोडायचे, थव्यात कधीच नाही. विचारलं तर म्हणायचे, ती दाणे खाती ते दिसतं, टोळ खाती ते दिसत नाही. मोठेपणी वाचलं की या पक्ष्यांची वीण मध्य आशियात होते आणि तिकडे त्यांचं मुख्य खाणं नाकतोडे नि टोळ. चीनच्या शिंजियांगमध्ये तर यांनी टोळ खावेत म्हणून माणसं दगडांचे ढीग रचून देतात, त्यांना घरटी करायला. ते वाचलं तेव्हा मला माचावरचे आजोबा आठवले.

तर तुम्ही दोन तास एका झाडाखाली बसायचं म्हणताय, ते मला पटतं. आम्ही दोन महिने एका माचावर बसायचो आणि शिवारातला एकेक पक्षी ओळखीचा झाला. चालून झाला नसता.

सावरफूल

@गोफण, रविवारी येता का? दोन जागा नव्यांच्या आहेत.

देवराई

मी संगमेश्वर तालुक्यातला. आमच्याकडे ककणेर आहे, म्हणजे धनेश. टिटवीचं वाचून हे लिहावंसं वाटलं.

ककणेराची मादी ढोलीत बसते आणि आतून विष्ठेने ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट राहते. आत बसल्यावर तिची उडायची पिसंही गळतात. म्हणजे मनात आलं तरी ती बाहेर येऊन पोट भरू शकत नाही. दोन महिन्यांहून जास्त काळ तिचं आणि नंतर पिल्लांचं सगळं खाणं एकटा नर आणतो, वड-उंबराची फळं घशात भरून. फांदीवर बसतो, एकेक फळ चोचीच्या टोकावर आणतो आणि फटीतून देतो.

आता त्या झाडाखाली दहा माणसं कॅमेरे लावून बसली तर नर येत नाही. लांबच्या झाडावर बसून बघत राहतो. माणसांना वाटतं, आज उशीर झाला वाटतं त्याला. आत कोण उपाशी आहे ते दिसत नाही. मी एकदा पाहुण्यांना घेऊन गेलो होतो, तेव्हा नर तीनदा आला आणि तीनदा परत गेला. तेव्हापासून मी कोणाला ढोल दाखवत नाही. कोणी शहरातून फोन करून विचारलं तर सांगतो, उंबर पिकलाय तिथे चला. उंबरावर ककणेर येतो, हरियाल येतात, तांबट येतात. पोटभर बघा. ढोल माझ्याकडेच राहू दे.

गावातल्या म्हाताऱ्यांनी देवराई राखली म्हणून ढोलीची झाडं उरली. एवढ्या जाडीचं झाड व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात.

लेन्सवाला

कॅमेरेवाल्यांवर सगळं येतंय, म्हणून माझी बाजू मांडतो. आमच्यातले पुष्कळ जण काळजी घेणारे आहेत. पण एक गोष्ट मी करत होतो आणि ती चूक होती, ती इथे लिहितो.

सिंहगडाच्या दरीत स्वर्गीय नर्तकाचा फोटो हवा होता. पांढरा नर, लांब शेपटीचा. मी मोबाईलवर त्याचा आवाज वाजवायचो. येतो तो, लगेच येतो. एका एप्रिलमध्ये असाच आवाज वाजवला, तर झुडपातून नर आला आणि माझ्या डोक्याभोवती फेऱ्या मारायला लागला. मला दहा फोटो मिळाले. घरी मोठ्या पडद्यावर बघितलं तर पहिल्या फोटोत त्याच्या चोचीत कोळ्याच्या जाळ्याचे धागे होते, घरट्यासाठी आणलेले. दुसऱ्या फोटोत चोच रिकामी. माझा मोबाईल म्हणजे त्याच्या हद्दीत घुसलेला दुसरा नर, असं समजून तो हातातलं काम टाकून आला होता. मी गेल्यावरही तो त्या नसलेल्या नराला किती वेळ शोधत राहिला असेल कोण जाणे.

ते दहाही फोटो मी कुठे टाकले नाहीत. त्यानंतर आवाज वाजवला नाही. तुमच्या नियमांत हा एक घाला: मार्च ते जून आवाज वाजवायचा नाही, कोणाच्याच मोबाईलवर.

पहिलीपायरी

मग आवाज ओळखणारं ॲप चालेल का? मर्लिन टाकून घेतलंय. मुलीला फार आवडतं.

मुठाकाठ

ऐकणारं ॲप चालेल, वाजवणारं नको. मर्लिनमध्ये दोन्ही सोयी आहेत, नमुन्याचा आवाज रानात असताना चुकूनही दाबू नका. आणि ते जे नाव सांगतं ते अंदाज म्हणून घ्या, पक्षी दिसल्यावरच वहीत लिहा. पर्णपक्षी दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो, कोतवालही शिक्र्याची नक्कल करतो. ॲप तिथे फसतं, आम्हीही फसतो.

कोकिळेचं एक मुलीला सांगा. आत्ता आंब्यात बसून कुहू करतो तो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, ती किक्-किक्-किक् करते. शाळेत 'कोकिळा गाते' असं शिकवतात, तिने ते तपासून बघावं.

नोंदी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, टाकत असाल तर वेळ, चाललेलं अंतर आणि दिसले तेवढे सगळे पक्षी लिहा, कावळे-कबुतरंसुद्धा. एका झाडाखाली बसून केलेली नोंदही तिथे चालते, अंतराशिवायची. पण घरट्याची नेमकी जागा शेऱ्यात लिहू नका.

सावरफूल

कालच्या रविवारचं लिहिते.

आठ जण होतो. @पहिलीपायरी मुलीला घेऊन आल्या, @गोफण आले. @लेन्सवाला कॅमेरा घेऊन आले, पण तासभर तो पिशवीतच होता. आतकरवाडीच्या अलीकडे ओढ्याकाठी एक मोठी सावर आहे, सव्वासहाला तिच्यापासून चाळीसेक पावलांवर सतरंजी टाकली. पान एकही नाही, सगळी फुलंच. उजाडताना पहिला आला तो कोतवाल, शेंड्यावर बसून बाकीच्यांना हुसकावत राहिला. मग बुलबुल, साळुंक्या, टकाचोर, एक हळद्या. खारी तर फुलात डोकं घालून मागचे पाय हवेत. शिंजीर इतका लहान की फुलाच्या पेल्यात अर्धा आत जायचा.

पावणेसातला ओढ्यापलीकडून आवाज आला. @गोफण म्हणाले, "आल्या." आम्हाला काहीच दिसत नव्हतं. मिनिटभराने तीस-चाळीस भोरड्या सावरीवर उतरल्या. दुर्बिणीतून एकीवर नजर ठेवली. फुलाच्या तळाशी चोच घातली, मान मागे टाकून मध गिळला, वर डोकं केलं तर काळं कपाळ परागांनी पिवळं झालेलं. मग ती पुढच्या फुलावर. @गोफण दुर्बीण लावतच नव्हते. त्यांना विचारलं तर म्हणाले, मला थवाच बघायचाय.

मुलीने खाली पडलेलं एक फूल उचललं. मांसल पाकळ्या, आत पुंकेसरांचे जाड जुडगे. ती नाकाला लावून वास घ्यायला गेली आणि नाक पिवळं झालं. "मी पण भोरडी," म्हणाली आणि तशीच नाक न पुसता नऊ वाजेपर्यंत बसली.

आम्ही कुठेही चाललो नाही आणि 27 जातींची नोंद झाली. आधीच्या रविवारी 31 जण साडेपाच किलोमीटर चाललो होतो तेव्हा 34 झाल्या होत्या. त्या 34 पैकी किती मी खरंच बघितल्या, ते मला सांगता येणार नाही. या 27 मधला एकेक डोळ्यांसमोर आहे.

आता ठरलेलं असं. जूनअखेरपर्यंत गट आठांचा, त्यात दोन जागा नव्यांच्या. आवाज वाजवायचा नाही. घरटं दिसलं तर न थांबता वाट बदलायची, जागा कोणाला कळवायची नाही. साडेआठ-नऊला उठायचं, उन्हात कोणत्याही पक्ष्याला अंड्यांवरून उठवायचं नाही.

टिटवीच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला 28-30 दिवस लागतात आणि पिल्लं दुसऱ्या दिवसापासून माळावर पळायला लागतात, अंड्यांइतकीच न दिसणारी. म्हणून तो मुरमाड माळ एप्रिल संपेपर्यंत आमच्यासाठी बंद. तलावाच्या वाटेने जाणाऱ्या इतर गटांनाही कळवलं आहे, जागा न सांगता, फक्त बंधाऱ्याच्या अलीकडच्या बाजूनेच जा एवढंच.

येत्या रविवारी पुन्हा तीच सावर. फुलं निम्मी गळली आहेत, भोरड्या आणखी किती दिवस आहेत माहीत नाही. सहा वाजता टपरीवर. नव्यांच्या दोन जागांपैकी एक @देवराई यांच्या भाच्याने घेतली, तो इथे शिकायला आहे. एक शिल्लक आहे.